कुत्रा-मांजर, येणारं बाळ आणि कोकणातलं भाड्याचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदली होऊन, नोकरी लागून किंवा शहर सोडून कोकणात राहायला येणारी जोडपी जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. अलिबागपासून सावंतवाडी-दोडामार्गपर्यंत रीत थोडीफार बदलते, पण मूळ अडचणी सगळीकडे त्याच. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. कोकणात कुत्रा घेऊन भाड्याने घर मिळतं का हो? की सुरुवातच करू नये?

मिळतं. गावात कुत्रा कुणाला नवा नाही, जवळजवळ प्रत्येक वाडीत चार-पाच असतात. फक्त तो कुत्रा खळ्यात राहतो, पायरीशी झोपतो आणि उरलासुरला भात खातो. तुमचा लॅब्रेडॉर सोफ्यावर झोपतो हे ऐकलं की मालक गांगरतात. म्हणजे प्रश्न कुत्र्याचा नाही, उंबऱ्याच्या आतल्या कुत्र्याचा आहे. रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग, कुडाळ अशा ठिकाणी फ्लॅट घेणार असाल तर अडचणी वेगळ्या, त्या प्रश्न ९ मध्ये.

२. मोबाइलवरच्या जाहिरातींत काहीच दिसत नाही. शोधायचं कुठे?

शहरांपुरत्या जाहिराती ठीक आहेत. गावातली चांगली घरं तिथे येतच नाहीत. ती चाकरमान्यांची असतात: मालक डोंबिवलीला किंवा विरारला, घर वर्षातले दहा महिने बंद, किल्ली शेजारच्या चुलतभावाकडे. अशा घराचा पत्ता किराणा दुकानदार, रिक्षावाले आणि पोस्टमन यांना असतो. आणि आशा ताईंना. त्या घरोघरी फिरतात, त्यामुळे कुठलं घर रिकामं, कुणाची विहीर मेमध्ये आटते, कुणाकडे कोंबड्या आहेत, सगळं त्यांना ठाऊक असतं. गरोदरपणाच्या नोंदीसाठी त्यांना भेटायचंच आहे, तेव्हा घराचंही विचारून घ्या.

किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याशी मालकाइतकंच नीट बोला. मालक फोनवर हो म्हणतो आणि रोजचा त्रास शेजाऱ्याला होतो. त्यामुळे खरा नकाराधिकार शेजाऱ्याचाच.

३. कुत्र्याबद्दल आधी सांगायचं की घर पसंत पडल्यावर? आणि बायको सहा महिन्यांची गरोदर आहे हेही सांगावं का?

दोन्ही पहिल्याच फोनवर. "आम्ही दोघं, एक कुत्रा, आणि श्रावणात बाळ येणार" असं एका वाक्यात सांगून टाका. ज्यांना नको त्यांचा नकार तिथेच मिळतो आणि सातव्या महिन्यात खड्ड्यांतून घर बघायला जाण्याची फेरी वाचते.

लपवून आत गेलेल्यांची गत कशी होते ते सांगतो. गावात गोष्ट दोन दिवसही लपत नाही. मालकाला ती तुमच्याकडून न कळता शेजाऱ्याकडून कळते, आणि मग राग कुत्र्याचा नसतो, फसवल्याचा असतो. तो कुठल्याही कराराने जात नाही.

गरोदरपणाचं सांगितल्याने बहुतेकदा फायदाच होतो. कोकणात येणाऱ्या बाळाचं कौतुक असतं, आणि कुटुंब वर्षभर तरी हलणार नाही हे मालकाला कळतं. एखादा मालक मागे सरला तर कारण बहुधा प्रश्न १७ मधलं असतं.

४. मालक "बघू" म्हणतात आणि मग फोनच उचलत नाहीत. त्यांना नेमकी भीती कशाची असते?

"कुत्रो चावता काय?" हा पहिला प्रश्न असतो, पण तो सगळ्यात सोपा. लसीकरणाचं कार्ड पुढे करा आणि शक्य असेल तर कुत्र्याला एकदा भेटवा. न विचारलेले प्रश्न अवघड असतात, ते तुम्हीच काढा.

कोंबड्या. शहरात वाढलेला कुत्रा पहिली मोकळी कोंबडी बघून वेडा होतो. एक कोंबडी मेली तर पैसे देऊन मिटेल, तिसरीला घर जाईल. पहिले काही आठवडे दारातसुद्धा पट्टा, हे आधीच कबूल करा.

वाळवण. मार्च ते मे अंगणात आंबोशी, कोकमाची सोलं, फणसाच्या पोळ्या, कुळीथ, काही घरांत सुकी मासळी पसरलेली असते. वर्षाची बेगमी ती. त्यातून कुत्रा एकदा जरी धावला तरी मालकीणबाई विसरणार नाहीत. अंगण सामायिक असेल तर तुमची बाजू कुठली ते ठरवून घ्या आणि स्वखर्चाने बांबूचं किंवा जाळीचं कुंपण घालायची तयारी दाखवा. हे एक वाक्य वाढीव डिपॉझिटपेक्षा जास्त काम करतं.

देवघर. बऱ्याच घरांत मालकाचे देव तसेच ठेवून बाकीच्या खोल्या भाड्याने देतात. त्या खोलीला कडी राहील आणि प्राणी माजघराच्या पुढे जाणार नाही, असं तुम्हीच म्हणा.

जमीन. शेणाने सारवलेली जमीन कुत्र्याच्या नखांपुढे टिकत नाही. लादी किंवा कोबा असलेलंच घर बघा. रांगणाऱ्या बाळालाही तेच बरं.

उलट, आंबा-काजूची बाग राखणाऱ्या मालकाला भुंकणारा कुत्रा हवाच असतो, वानरांनी जीव नको केलेला असतो. पण बागेतल्या घराला एक मोठी अट आहे, ती प्रश्न १२ मध्ये.

५. मालक शाकाहारी आहेत. कुत्र्याला चिकन आणि मांजराला मासे लागतात. जमेल?

मागच्या पडवीत वेगळी शेगडी आणि वेगळी भांडी ठेवलीत तर बऱ्याच ठिकाणी जमतं. नाही जमलं तर दुसरं घर बघा. चोरून शिजवलेला बांगडा लपत नाही.

६. घर कुठल्या महिन्यात शोधावं? पावसाळ्यात म्हणे पटकन मिळतं.

मिळतं, आणि तिथेच लोक फसतात. दापोली, गुहागर, मालवण, अलिबाग या किनाऱ्यांवर अनेक घरं ऑक्टोबर ते मे पर्यटकांना दिवसावर दिली जातात. जूनमध्ये मालक आनंदाने महिन्यावर देतो आणि दिवाळीच्या तोंडावर घर मागतो. तुमचं बाळ सप्टेंबरचं असेल तर ओल्या बाळंतिणीला घेऊन सामान बांधायची वेळ येईल. जूनमध्ये घर घेताना थेट विचारा: हे घर कधी पर्यटकांना दिलं होतं का, आणि पुढच्या मेमध्ये देणार का?

दुसरी तारीख गणपतीची. चाकरमानी मालक गणपतीला आणि शिमग्याला गावी येणार, आणि घर त्यांचंच आहे. त्या दिवसांत किती माणसं येणार, कुठल्या खोल्या लागणार, स्वयंपाकघर कुणाचं, कुत्रा कुठे, हे आधी बोला. एकेका घरात वीस-पंचवीस माणसं उतरतात. बाळंतपण त्याच सुमारास असेल तर मालकाचा गणपती बसतो ते घर घेऊच नका, असं मी स्पष्ट सांगतो.

७. करार लागतो का? गावात तर सगळं तोंडीच चालतं.

लागतोच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे मालकाला धमकी म्हणून ऐकवू नका. नोंदणी त्यांच्याही सोयीची आहे एवढंच सांगा.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के असतं (परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात). नोंदणी फी ग्रामीण भागात 500 आणि शहरी भागात 1000 रुपये. दहा हजार भाडं आणि तीस हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचं शुल्क तीनशेच्या आतबाहेर. ऑनलाइन नोंदणी होते, मुंबईतल्या मालकाला त्यासाठी गावी यावं लागत नाही.

प्राण्याची अट "इतर अटी" मध्ये घाला. मजकूर साधा ठेवा (परवानाधारक म्हणजे तुम्ही): "परवानाधारक यांच्यासोबत एक पाळीव कुत्रा (जात, वय, नाव) राहील व त्यास मालकाची संमती आहे. त्याच्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई परवानाधारक करतील." दुसरी अट लॉक-इनची: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी दोन आणि नंतर चार महिने कुणीही घर सोडण्याची नोटीस देणार नाही. लोक पहिली अट भांडून घेतात आणि दुसरी विसरतात. माझ्या मते दुसरी जास्त मोलाची.

८. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं आहेत. भाडं एकच भाऊ घेतो. चालेल?

इथे थांबा. सामायिक घरात एका भावाने दिलेली परवानगी दुसरा भाऊ मे महिन्यात येऊन मोडतो, आणि निमित्त बहुधा कुत्राच होतो. सातबारा जमिनीचा असतो. घरासाठी ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, म्हणजे नमुना ८ मागा. त्यावर अनेक नावं असतील तर बाकीच्यांचं संमतीपत्र किंवा एकाला दिलेलं मुखत्यारपत्र हवं. भाऊबंदकीचा दावा कोर्टात चालू असेल, तर भाडं कितीही कमी असो, ते घर नको.

९. चिपळूणला फ्लॅट बघतोय. सोसायटीने "पाळीव प्राण्यांना बंदी" असा ठराव केलाय. मालक मात्र तयार आहेत.

अशा ठरावाला आधार नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. भुंकतो एवढ्या कारणावरूनही बंदी घालता येत नाही. त्याची घाण उचलणं आणि त्याला आवरून नेणं ही तुमची जबाबदारी.

मात्र या सूचना सोसायट्यांसाठी आहेत. मालकाने स्वतःच्या करारात "प्राणी नको" लिहिलं आणि तुम्ही सही केली, तर त्या पुढे करून उपयोग नाही.

आणि नियम तुमच्या बाजूने असला तरी आठव्या महिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरीशी लढाई उघडायची का, हा वेगळा प्रश्न. आधी त्यांच्या घरी चहाला जा.

१०. घर बघताना सगळ्यात आधी काय बघावं?

रस्ता. समुद्र दिसतो का, हे नंतर. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर कुठल्या रस्त्याने, किती वेळात, कुठल्या दवाखान्यात? एकदा अंधारात गाडी घालून बघा.

खाडीचा हिशेब नवख्यांना कळत नाही. नकाशावर पलीकडचा किनारा दोन बोटांवर दिसतो, पण मध्ये फेरीबोट असते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडले, आगरदांडा-दिघी या फेऱ्या दिवसा मोठी सोय आहेत, मध्यरात्री नाहीत. रस्त्याने वळसा किती पडतो ते मोजा.

दाखल व्हायची जागाही आताच ठरवा. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला जिल्हा रुग्णालयं आहेत, चिपळूणजवळ डेरवणला मोठं रुग्णालय आहे, आणि दक्षिण सिंधुदुर्गातली माणसं अडचणीच्या वेळी गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात धावतात. 108 ला फोन लागण्यापुरती रेंज घरात आहे का, हे स्वतः बघा.

कुत्र्याच्या डॉक्टरांचंही विचारा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मुख्य काम गुरांचं असतं. एक्स-रे किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली तर कुठे जायचं, हे आधीच माहीत असू द्या.

११. पावसाळ्याचं लोक फार घाबरवतात. खरंच एवढं असतं?

बऱ्याच भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, म्हणजे असतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं तेव्हा सखल भागातले तळमजले पूर्ण पाण्याखाली गेले. खेडला जगबुडी आणि राजापूरला अर्जुना-कोदवलीचा पूर येतो. अशा गावांत "इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?" हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. खूण बहुधा भिंतीवर असतेच. तान्हं बाळ आणि घाबरलेला कुत्रा एकाच वेळी माळ्यावर चढवता येत नाहीत. घर डोंगरउतारालगत असेल तर दरडीचंही विचारा.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. इन्व्हर्टर हवा, आणि विहिरीवर पंप असेल तर रहाटसुद्धा हवा.

झडीच्या बाजूला बंद करता येणारी पडवी असेल तर निम्मी अडचण सुटते: एका टोकाला दुपटी वाळतात, दुसऱ्या टोकाला ओला कुत्रा बसतो. आणि पावसाळ्यात बघितलेल्या घराचं उन्हाळ्याचं पाणी विचारायला विसरू नका. कातळावरच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात.

१२. कुत्र्याला रात्री अंगणात बांधलं तर? आणि बागेतलं घर कसं?

रात्री बाहेर बांधू नका. बिबट्या कुत्र्यासाठी पडवीपर्यंत येतो, आणि साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. दार किंवा जाळी लागणारी जागा हवी, ही अट मालकाला सांगितलीत तर गावचा माणूस लगेच समजतो.

चिऱ्यांचे ढीग, लाकडाची रास आणि गवताचा मांगर घराला खेटून नको. तिथे फुरसं, घोणस, विंचू असतात. कुत्रा आधी नाक घालतो, वर्षाने बाळ हात घालेल.

बागेच्या घराची अट फवारणीची. मोहर आल्यापासून आंब्यावर कीटकनाशकं फवारली जातात. कलमं खिडकीपासून किती लांब, फवारणीच्या आदल्या दिवशी सांगतील का, विहीर उघडी आहे का, हे विचारा. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असताना कलमांच्या मधोमध असलेलं घर मी सुचवणार नाही, मालक कितीही चांगला असला तरी.

दोडामार्ग-बांदा भागात गोचीड गांभीर्याने घ्या. तिथे 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. कुत्र्याला रानात नेऊ नका, गोचीडनाशक वेळेवर लावा, आणि त्याला तपासायचं काम गरोदर बाईकडे नको.

१३. सासूबाई म्हणतात मांजर सोडून द्या, पोटातल्या बाळाला धोका आहे. खरं का?

धोका टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा, आणि तो मांजराच्या विष्ठेतून. विष्ठा पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळूचा ट्रे रोज साफ करायचा, आणि ते काम नवऱ्याने करायचं. कच्चं-अर्धकच्चं मांस आणि हातमोज्यांशिवाय केलेलं बागकाम हीसुद्धा संसर्गाची मोठी कारणं आहेत, ती मांजर सोडून दूर होत नाहीत. आपल्या डॉक्टरांना विचारा आणि सासूबाईंना त्यांच्यासमोरच बसवा.

१४. कुत्र्याच्या कुठल्या लशी झालेल्या हव्यात?

रेबीज, दरवर्षी. त्याशिवाय लेप्टोस्पायरोसिस ज्यात येतो ती एकत्रित लस, कारण कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टो दरसाल डोकं काढतो. जंताचं औषध नियमित. दोन्ही लशी निघण्यापूर्वीच घ्या. लेप्टोसाठी गावात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात, त्या गरोदर बाईने स्वतःहून घेऊ नयेत. कुत्रा कुणालाही चावला, ओरखडला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस गरोदरपणातही देतात.

१५. मुंबईहून कुत्र्याला आणायचं कसं?

कोकण रेल्वेने आणायचं तर एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. आठव्या महिन्यात मी असं सुचवीन: बायको सोबतीने रेल्वेने, कुत्रा नवऱ्याबरोबर गाडीने, रिकाम्या पोटी. मुंबई-गोवा महामार्गाचं काम पूर्ण होईल तेव्हा हे उत्तर बदलू.

१६. पहिलं बाळंतपण माहेरी, साताऱ्याला. मग तीन महिने कुत्र्याचं काय?

नवरा लोट्याला किंवा जयगडला कंपनीत पाळीत असेल तर दिवसाचे दहा तास कुत्रा एकटा, अनोळखी घरात, धो धो पावसात. तो रडतो आणि शेजारी मालकाला फोन करतात. माहेरी जाण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी घर लावा, म्हणजे कुत्रा रुळतो. शेजारच्या एखाद्या काकूंना दुपारी दार उघडायला आणि भाकरी घालायला ठरवा, आणि त्याचे पैसे द्या. ओळखीवर सोडू नका.

१७. मालकीण एकाच घरात, भिंतीपलीकडे राहतात. म्हणाल्या, "बाळ झालं की सोयेर लागेल, आमचा गणपती कसा बसायचा?" हे काय?

सोयेर म्हणजे बाळ जन्मल्यावर घरच्यांनी काही दिवस पाळायचं सुतकासारखं अशौच. तो तुमच्या कुटुंबाचा असतो, मालकाचा नाही. आडनाव-कूळ वेगळं तर त्यांना तो लागत नाही. पण एक स्वयंपाकघर, एक विहीर, एक मागील दार असेल तर जुन्या माणसांना अवघडल्यासारखं होतं. वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्याच गुरुजींना विचारायला सांगा, बहुधा तिथे सुटतं. नाही सुटलं आणि तारखा जुळत असतील तर प्रश्न ६ मधला सल्ला.

१८. करार झाला, चार महिने राहिलो. आता मालक म्हणतात कुत्रा काढा.

लेखी अट आहे का? असेल तर ती शांतपणे दाखवा, आणि तक्रार नेमकी कुणाची आहे ते शोधा. बहुतेकदा ती शेजाऱ्याची असते आणि कारण प्रश्न ४ मधलं एखादं. ते मिटलं की मालक गप्प बसतात. अट नसेल तर करारातला नोटीसचा काळ तुमच्या हातात आहे. मुदत मागा, लेखी घ्या, आणि भाडं एक दिवसही थकवू नका.

१९. घर मिळालं, पण प्राण्याला परवानगी नाही. बाळ पंधरा दिवसांवर आलंय. काय करू?

घर घ्या. प्राण्याला काही महिने नातेवाइकाकडे किंवा बघून निवडलेल्या बोर्डिंगमध्ये ठेवा आणि बाळंतपणानंतर दुसरं घर शोधा. मालकाला फसवून मागच्या दाराने आणू नका (प्रश्न ३). आणि "गावात काय, कुठेही जगेल" म्हणून किनाऱ्यावर सोडून देऊ नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. शिवाय फ्लॅटमधला कुत्रा वाडीतल्या टोळीपुढे फार दिवस टिकत नाही.